शिळं वजन आणि कॉम्प्युटरचा बफर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेली सत्तावीस वर्षं मी वजनकाटे आणि त्यांना जोडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर दुरुस्त करायचं काम करतोय. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. मागच्या गळीत हंगामात आमच्या भागातल्या एका ऊस काट्यावर जो प्रकार झाला तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, कारण त्या रात्री माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होती आणि कारण निघालं कॉम्प्युटरच्या पोर्टमधला, म्हणजे बाहेरची केबल जिथे जोडतात तिथला बफर, आलेली माहिती उचलली जाईपर्यंत साठवून ठेवायची जागा. हा बफर कशासाठी असतो हे काट्यावरच्या ऑपरेटरला माहीत नव्हतं, शेतकऱ्याला माहीत असायचं कारणच नव्हतं, पण ज्यांनी तो वजनाचा प्रोग्राम लिहिला त्यांनाही ते नीट माहीत नव्हतं हे मला जास्त लागलं.

जानेवारीतली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास फोन आला, मिस्त्री लगेच या, गाड्या अडवल्यात. गेलो तर काट्याच्या केबिनभोवती पन्नास-साठ माणसं, ट्रॅक्टरच्या हेडलाइटच्या उजेडात एक पोरगा मोबाइल वर धरून व्हिडिओ दाखवतोय. बाहेर जो मोठा लाल डिस्प्ले असतो त्याच्यावर त्याच्या गाडीचं वजन १८,२४० किलो, आणि हातातल्या चिठ्ठीवर १७,८६०. म्हणजे ३८० किलोचा फरक, तेव्हाच्या भावाने हजार-अकराशे रुपये सरळ गेले. काटा मारला, काटा मारला असा गलका चालू, आणि ऑपरेटर बिचारा केबिनला आतून कडी लावून बसलेला, पंचवीस वर्षांचा पण नसेल.

मी आधी इंडिकेटर बघितला, म्हणजे केबिनमधला तो डबा जो लोड सेलकडून, म्हणजे काट्याखालच्या वजन जोखणाऱ्या सेन्सरकडून आलेलं वजन आकड्यात दाखवतो. तो एकदम बरोबर, बाहेरच्या डिस्प्लेशी किलोचाही फरक नाही. मग म्हटलं एक गाडी चढवा आणि मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर बसलो. गाडी चढली, इंडिकेटरवर वजन स्थिर झालं, स्क्रीनवर अजून शून्यच. म्हटलं थांबा, कोणी काही दाबू नका. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. गाडी तशीच उभी ठेवली आणि बरोबर बत्तीस सेकंदांनी स्क्रीनवर वजन चढायला लागलं. गाडी उतरवली तर इंडिकेटरवर लगेच शून्य, आणि स्क्रीनवर उतरलेल्या गाडीचं वजन बत्तीस सेकंद तसंच. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच. म्हणजे कॉम्प्युटर खोटं वजन दाखवत नव्हता, अर्ध्या मिनिटापूर्वीचं खरं वजन दाखवत होता.

तेवढ्यात त्या पोराच्या मागच्या गाडीवाल्याने स्वतःची चिठ्ठी पुढे केली. त्याच्या चिठ्ठीवर १८,२४०. म्हणजे पहिल्या पोराचं गेलेलं वजन दुसऱ्याच्या चिठ्ठीवर येऊन बसलं होतं, आणि पहिल्याच्या चिठ्ठीवर त्याच्या आधीच्या गाडीचं. गर्दीच्या वेळी एक ट्रॉली उतरून दुसरी चढेपर्यंत अर्धा मिनिट पण जात नाही, ऑपरेटर बटण दाबून मोकळा होतो आणि चिठ्ठ्या एका घराने पुढे सरकत जातात. दिवसाची बेरीज जवळपास तीच येते म्हणून ऑफिसात कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. कोणी खात नव्हतं, पण शेजाऱ्याचं वजन शेजाऱ्याला जात होतं, आणि ज्याच्या ट्रॉलीत जास्त ऊस त्याचा तोटा झाला तो झालाच.

कारण शोधायला मला तासभर लागला. तो प्रोग्राम आठ वर्षं बिनतक्रार चालला होता. हंगामाच्या आधी जुना इंडिकेटर बदलून नवीन बसवला एवढाच काय तो फरक. जुना इंडिकेटर सेकंदाला दोनदा वजन पाठवायचा, नवीन सेकंदाला दहादा पाठवतो. प्रोग्राम मात्र अजून अर्ध्या सेकंदाला एकच ओळ उचलत होता. म्हणजे दर सेकंदाला दहा ओळी येणार आणि दोन उचलल्या जाणार, उरलेल्या कुठे जाणार, तर पोर्टच्या बफरमध्ये रांगेत उभ्या राहणार. वजनाची एक ओळ सोळा अक्षरांची, त्या प्रोग्रामने पोर्टसाठी धरलेला बफर १,०२४ अक्षरांचा, म्हणजे चौसष्ट ओळींची रांग, आणि अर्ध्या सेकंदाला एक ओळ या हिशोबाने रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या ओळीचा नंबर लागायला बत्तीस सेकंद. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हा गुणाकार केला आणि स्टॉपवॉचचाच आकडा समोर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रांग भरली की नवीन येणारी वजनं दारातच गळून जायची, एखादी ओळ अर्धवट यायची, ती प्रोग्राम टाकून द्यायचा, त्यामुळे स्क्रीनवर कधी गडबड दिसली नाही. आकडा कायम स्वच्छ, फक्त शिळा.

त्या रात्री बाहेर येऊन मी हे सगळं माणसांना समजावून सांगितलं. बहुतेकांना पटलं कारण व्हिडिओ आणि दोन चिठ्ठ्या समोरच होत्या. पण एक वयस्कर आबा होते, डोक्याला मफलर गुंडाळलेले, ते म्हणाले, "मिस्त्री, मग ते बफर का काय ते काढूनच टाका की. कशाला पाहिजे असलं शिळं साठवणारं भांडं?" प्रश्न अगदी रास्त होता. तिथे उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण मन भरलं नाही, म्हणून हे पत्र.

मी त्यांना म्हटलं, आबा, मागे वळून यार्डात बघा. दोनशे गाड्या उभ्या आहेत. तोड दिवसा होते, गव्हाण, म्हणजे ऊस गाळायला आत नेणारा पट्टा, चोवीस तास चालते. दुपारी फडावरून गाड्यांची झुंबड येते आणि पहाटे तीनला एक पण येत नाही. यार्ड नसतं तर दुपारी गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या असत्या आणि पहाटे नो केन, म्हणजे गाळायला ऊसच नाही असं होऊन कारखाना बंद पडला असता. ऊस आणणाऱ्याचा वेग वेगळा, गाळणाऱ्याचा वेग वेगळा, दोघांनी एकमेकांसाठी थांबायचं नसेल तर मधे मोकळी जागा पाहिजे. बफर म्हणजे कॉम्प्युटरचं यार्ड. आबांना ते लगेच कळलं. वर ते म्हणाले की यार्डात ऊस चार दिवस पडला तर वजन घटतं आणि उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर पण कमी होते, मग तुमच्या बफरचं पण तेच झालं म्हणायचं. मला जे सांगायला दहा वाक्यं लागली असती ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता कॉम्प्युटरमध्ये हा वेगाचा फरक केवढा असतो ते बघा. आमच्या काट्याची सिरीयल केबल, म्हणजे एकामागून एक बिट नेणारी, ९,६०० बॉडला म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटच्या वेगाने चालते, त्यात एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद. आपल्याला हे विजेच्या वेगाचं वाटतं, पण एक गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर तेवढ्या वेळात दहा लाख ठोके टाकतो. प्रत्येक अक्षरासाठी त्याने दारात उभं राहायचं ठरवलं तर त्याचं सगळं आयुष्य वाट बघण्यात जाईल, ना माउस हलेल ना स्क्रीन बदलेल. आणि दुसऱ्या कामाला गेला आणि परत यायला उशीर झाला तर आलेल्या अक्षरावर पुढचं अक्षर येऊन बसणार, पहिलं कायमचं गेलं. त्याला ओव्हररन म्हणतात. हे टाळायचं तर कोणीतरी दारात बसून आलेलं उचलून ठेवायला पाहिजे, आणि प्रोसेसर मोकळा झाला की त्याला हाक मारायला पाहिजे. पोर्टमधला बफर आणि इंटरप्ट, म्हणजे ती हाक, हे दोघं मिळून तेच करतात.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला त्यात सिरीयल पोर्टला ८२५० नावाची चिप होती. तिच्यात तयार झालेलं एकच अक्षर ठेवायला जागा. त्या काळात ते चालून गेलं. पुढे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारे मोडेम आले, आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मोडेमचा तो कर्कश आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल. मोडेमचा पोर्ट १,१५,२०० बॉडला लावला की दर ८७ मायक्रोसेकंदाला एक अक्षर येऊन थडकणार. विंडोज तेवढ्यात हार्ड डिस्कवर काही लिहीत बसली की अक्षरं गळाली, पुन्हा मागवावी लागली, आणि माणूस म्हणणार लाइन खराब आहे. मी स्वतः कितीतरी लोकांना टेलिफोन खात्याकडे तक्रार करू नका म्हणून सांगितलंय, कॉम्प्युटरमधलं सिरीयल पोर्टचं कार्ड बदलून दिलंय आणि तीच लाइन सुरळीत चाललीय. बदललेल्या कार्डावर १६५५०ए चिप असायची, तिच्यात सोळा अक्षरांचा फिफो, म्हणजे जो आधी आला तो आधी बाहेर. नुसती सोळा अक्षरं, पण त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडायचा. त्या चिपला सांगता येतं की चौदा अक्षरं जमली की मगच प्रोसेसरला हाक मार. मग हाका चौदापट कमी होतात, पण उरलेल्या दोन जागा भरायच्या आत म्हणजे १७४ मायक्रोसेकंदात प्रोसेसरने यायलाच पाहिजे. आठवर हाक मारायला लावली तर त्याला यायला ७०० मायक्रोसेकंद मिळतात, पण हाका वाढतात. म्हणून मी जुन्या आणि सतत कामात अडकलेल्या मशिनवर आठच ठेवायचो. हे असलं काही पुस्तकात नसतं, हात घातल्यावर कळतं.

बाहेर पाठवताना पण तीच गोष्ट, फक्त उलटी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घ्या, काट्यावर चिठ्ठी छापायला आजही तोच असतो. ऐंशी कॉलम आणि सहासष्ट ओळींचं भरगच्च पान म्हणजे ५,२८० अक्षरं. प्रिंटर सेकंदाला दोनशे अक्षरं छापत असेल तर सव्वीस सेकंद लागणार. तो पंचवीस पिनांचा जुना पॅरलल पोर्ट तेच पान सेकंदाच्या आत देऊ शकतो. पण प्रिंटरने बिझीची तार वर केली की कॉम्प्युटरला थांबायलाच लागतं, तार खाली आली की अक्षर ठेवायचं, स्ट्रोब म्हणजे अक्षर घे अशी खूण द्यायची, पोच आली की पुढचं. डॉसच्या काळात पगारपत्रक छापायला लावलं की छपाई संपेपर्यंत स्क्रीन ठप्प, क्लार्क चहा पिऊन यायचे. म्हणून प्रिंटरमध्ये काही केबीची मेमरी आली, मग कॉम्प्युटरमध्ये स्पूलर आला, म्हणजे छपाईचा मजकूर साठवून मागून हळूहळू प्रिंटरला देणारा प्रोग्राम. तुम्ही कॅन्सल दाबता आणि प्रिंटर तरी पाच-सहा ओळी छापतच राहतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असणार. लोक म्हणतात प्रिंटर ऐकत नाही. तो काय ऐकणार, त्या ओळी कॉम्प्युटरच्या हातातून सुटून केव्हाच त्याच्या पोटात गेलेल्या असतात. प्रिंटर बंद करून चालू केला की पोट रिकामं.

कीबोर्डचं पण सांगतो. जुन्या पीसीत बायोसने, म्हणजे मशीनमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रामने कीबोर्डसाठी सोळा घरांचं चक्र ठेवलेलं होतं, त्यात पंधरा अक्षरं मावायची, एक घर मुद्दाम रिकामं कारण चक्र भरलंय की मोकळं हे ओळखायचं कसं. मशीन कामात असताना तुम्ही टाइप करत राहिलात की सोळाव्या अक्षराला पीं असा आवाज यायचा. त्या आवाजाचा मी फार चाहता आहे, कारण यार्ड भरलं हे ते मशीन तोंडाने सांगत होतं. आमच्या काट्याच्या प्रोग्रामने तसा एक आवाज जरी केला असता तरी जानेवारीतली ती रात्र आली नसती.

हे झालं वेगाचं. पण पोर्टला बफर लागायचं याहून मूळ एक कारण आहे आणि ते पॉलिटेक्निकला ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर शिकवतात, मुलं पाठ करतात पण फार थोड्यांना ते पोटात उतरतं. त्या प्रोसेसरच्या डेटा बसला, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या सामायिक रस्त्याला तारा आठच, आणि त्याच आठ तारांवर मेमरी पण, कीबोर्ड पण, काटा पण आणि प्रिंटर पण. एकाने तारेवर एक लिहिलं आणि त्याच वेळी दुसऱ्याने शून्य लिहिलं तर डेटा तर बिघडणारच, वर चिप पण गरम होणार. म्हणून बाहेरून येणारी कुठलीही गोष्ट त्या तारांना थेट जोडायची नाही, मधे ७४एलएस२४४ सारखा बफर लावायचा. त्याला शून्य आणि एक सोडून तिसरी अवस्था असते, ती म्हणजे तारेवरून हात काढून घेणं. प्रोसेसरने त्या पोर्टचं नाव घेतलं तरच तो हात ठेवणार, नाहीतर गप्प. ग्रामसभेत ज्याचं नाव पुकारलं त्यानेच बोलायचं, तसं.

आणि बाहेर पाठवताना काय होतं, तर तीन मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ८०८५ चा एक ठोका ३३३ नॅनोसेकंदाचा, आउट ही बाहेर पाठवायची सूचना दहा ठोक्यांची, आणि त्यातही डेटा तारांवर खरा उभा असतो तो शेवटी, मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळ. एवढ्या वेळात रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, काय ओढणार आणि दिवा काय दिसणार. म्हणून तिथे ७४एलएस३७३ सारखा लॅच लागतो, जो तो क्षण पकडून धरून ठेवतो, पुढची आज्ञा येईपर्यंत. मी हे पहिल्यांदा स्वतः करून बघितलं तेव्हा लॅच न लावता आठ एलईडी थेट बसला लावले होते. सगळे अंधुक लुकलुकत होते, कारण मला हवा असलेला आकडा नाही तर तारांवरून जाणारी सगळीच रहदारी त्यांच्यावर दिसत होती. लॅच लावला आणि पाच लिहिले तर दोन दिवे लख्ख लागले आणि तसेच राहिले. त्या दोन दिव्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं वर्षभराच्या नोट्सनी नाही शिकवलं.

आता घराघरातली गोष्ट, पेन ड्राइव्ह. माझ्याकडे महिन्याला चार तरी माणसं येतात, कॉपी पूर्ण झाली असं दिसलं, काढला आणि घरी जाऊन बघितलं तर फाइल उघडत नाही. एक मुलगी आली होती, डिप्लोमाचं प्रोजेक्ट, सबमिशन दुसऱ्या दिवशी, डोळ्यात पाणी. कॉम्प्युटर वेगात असतो आणि पेन ड्राइव्हचं लिहिणं सावकाश, म्हणून सिस्टीम डेटा स्वतःच्या मेमरीत घेते, तुम्हाला झालं म्हणून सांगते आणि मागून हळूहळू लिहीत बसते. स्क्रीनवरचं झालं म्हणजे मी घेतलं, पोचवलं नव्हे. सेफली रिमूव्ह दाबल्यावर ती मेमरीतलं उरलेलं लिहून टाकते, फाइलींची नोंदवही पूर्ण करते आणि मग काढा म्हणते. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी लवकर काढता येईल अशी पद्धत आपोआप ठेवली, त्यामुळे आता लोक सेफली रिमूव्ह विसरले. पण तेव्हाही लिहिणं चालू असताना ओढला तर जायचं ते जातंच. आणि विंडोजऐवजी उबंटू वगैरे वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे, तिथे पट्टी शंभर टक्के होते आणि त्यानंतर इजेक्टला दोन-दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं म्हणजेच खरी कॉपी. त्या मुलीच्या लॅपटॉपवर मूळ फाइल होती म्हणून निभावलं.

सीडी रायटर ज्यांनी वापरलेत त्यांना उलटा त्रास आठवेल. तिथे भीती बफर भरायची नसायची, तो रिकामा व्हायची असायची. लेझर एकदा लिहायला लागला की थांबता येत नाही, आठपट वेगाला सेकंदाला १,२०० केबी पाहिजेत, रायटरचा बफर दोन एमबीचा म्हणजे पावणेदोन सेकंदांची पुंजी. तेवढा वेळ हार्ड डिस्क दुसरीकडे अडकली की सीडी फुकट. म्हणून आम्ही सीडी लिहिताना कोणाला माउसला हात पण लावू द्यायचो नाही. २००० साली सान्योचं बर्नप्रूफ आलं, त्यात पुंजी संपायला आली की लेझर नीट जागा लक्षात ठेवून थांबायचा आणि माल आला की तिथूनच पुढे, मग तो प्रश्न मिटला. पहाटे तीनची गव्हाण आणि नो केन, हेच ते.

मोठा बफर म्हणजे चांगला बफर असं मात्र कोणी समजू नये, आमच्या काट्याने तेच तर शिकवलं. राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून मोठमोठे बफर टाकले, आणि घरात एकाने व्हिडिओ अपलोड करायला घेतला की दुसऱ्याचा कॉल अडकायला लागला. डेटा हरवत नाही, रांगेत सडतो. जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास हे आपल्या घरच्या कनेक्शनवरच पकडलं आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं, २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. ती मला फार आवडते, कारण ती रांग किती लांब आहे हे बघत बसत नाही, रांगेतला माणूस किती वेळ उभा आहे हे बघते. तो वेळ काही काळ प्रमाणाबाहेर राहिला की ती माल टाकायला लागते, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की सबुरीने घे.

आमच्या काट्यावर आम्ही शेवटी काय केलं तेही सांगतो. त्या रात्री तात्पुरतं म्हणून प्रोग्राममध्ये एवढंच बदललं की वजन घ्यायच्या आधी पोर्टचा बफर पूर्ण रिकामा करायचा आणि त्यानंतर येणारी पहिली पूर्ण ओळच धरायची. दुसऱ्या आठवड्यात इंडिकेटरची पद्धत बदलली, आता तो सारखा पाठवत नाही, कॉम्प्युटरने विचारलं की एकदाच वजन देतो. बफर तसाच आहे, एकही अक्षर कमी केलं नाही, आणि स्क्रीन इंडिकेटरच्या बरोबरीने चालते. बाहेरच्या डिस्प्लेवर कॅमेरा होता म्हणून त्या हंगामातल्या गर्दीच्या वेळच्या चिठ्ठ्या तपासून दुरुस्त करून देता आल्या, त्यासाठी तिथल्या लोकांनी चार रात्री जागून काढल्या हेही मला सांगायला पाहिजे.

माझं म्हणणं तिघांना आहे. एक, जी मुलं सिरीयल पोर्टवरून काही वाचायचे प्रोग्राम लिहितात, काटा असो, दूध डेअरीचं फॅट मशीन असो की लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन असो, त्यांनी माझ्यासारखं स्टॉपवॉच घेऊन एकदा मशीनसमोर बसावं. मशीनवरचा आकडा बदलल्यापासून स्क्रीनवरचा बदलेपर्यंत किती वेळ गेला ते मोजावं, आणि हे नुसतं बसवल्या दिवशी नको, दहा-पंधरा मिनिटं सलग चालल्यावर करावं, कारण रांग साचायला वेळ लागतो. बसवल्या बसवल्या सगळंच बरोबर दिसतं. दुधाच्या फॅटमध्ये एका गवळ्याचा आकडा दुसऱ्याला गेला तर तो बिचारा कुठे व्हिडिओ दाखवणार आहे. रक्ताच्या रिपोर्टचं तर मला बोलवत पण नाही.

दुसरं, काट्याला दरवर्षी शिक्का मारायला जे साहेब येतात त्यांना हात जोडून विनंती. मी जिथे जिथे हजर होतो तिथे प्रमाणित वजनं ठेवून इंडिकेटर तपासलेला मी पाहिलाय, आणि तो तपासायलाच पाहिजे. पण शेतकऱ्याच्या हातात इंडिकेटर येत नाही, चिठ्ठी येते. तेव्हा इंडिकेटरपासून निघालेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला पण एकदा बसावं, लागोपाठ पाच गाड्या चढवून उतरवून पाच चिठ्ठ्या छापून घ्याव्यात आणि बाहेरच्या डिस्प्लेशी ताडून बघाव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि शेतकरी बांधवांनो, काट्यावर गाडी चढली की बाहेरच्या लाल डिस्प्लेचा एक फोटो काढत चला, चिठ्ठी हातात आली की त्याच्याशी जुळवा. जुळलं नाही तर आरडाओरडा करायच्या आधी मागच्या आणि पुढच्या गाडीवाल्याची चिठ्ठी मागून घ्या आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमचा आकडा त्यांच्यापैकी कोणाच्या चिठ्ठीवर सापडला तर केबिनमधल्या पोराला दम देऊ नका, तिथल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावायला सांगा. त्या रात्री कडी लावून बसलेला तो ऑपरेटर यंदाही त्याच काट्यावर आहे, आणि स्क्रीनशेजारी त्याने एक कागद चिकटवलाय, ज्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की इंडिकेटर बघितल्याशिवाय बटण दाबू नये.

आपला,
एक वाचक
वजनकाटे व कॉम्प्युटर दुरुस्ती, सांगली जिल्हा